खुलं मैदान : सेंट अँड्र्यूजपासून खासबागेपर्यंत

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या 'ओल्ड कोर्स' या गोल्फ मैदानाला त्या खेळाचं माहेरघर म्हणतात. २०२२ साली 'दि ओपन' या गोल्फमधल्या सर्वांत जुन्या अजिंक्यपद स्पर्धेची १५०वी आवृत्ती तिथं झाली. त्या मैदानावरची ती तिसावी होती. गोल्फच्या एका फेरीत आज जे १८ खड्डे असतात, तो आकडाही १७६४ साली याच गावात ठरला. त्याआधी तिथं २२ खड्ड्यांची फेरी असे.

गोल्फशी माझं नातं टीव्हीवर चॅनेल बदलताना दिसणाऱ्या हिरव्या गवतापुरतंच आहे. पण या मैदानाचा इतिहास वाचताना एका गोष्टीने मला थांबवलं. हे मैदान कुठल्याही क्लबच्या मालकीचं नाही. ते मुळात गावाचं गायरान. १५५२ साली तिथल्या आर्चबिशप जॉन हॅमिल्टनने एका सनदेत या किनारपट्टीवर खेळण्याचा, गुरं चारण्याचा गावकऱ्यांचा हक्क लिहून ठेवला. पुढे १७९७ साली कर्जात बुडालेल्या नगरपालिकेने ती जमीन सशांची पैदास करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हवाली केली. सशांनी मैदानभर बिळं केली आणि गावात वीसेक वर्षं खरोखरीचं भांडण चाललं, कोर्टातही आणि काठ्या घेऊनही. १८२१ मध्ये एका जमीनदाराने जमीन विकत घेऊन ससे हटवले. १८९४ साली ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि मैदान पुन्हा नगरपालिकेच्या हाती आलं. म्हणून आजही कुणीही माणूस तिथल्या सोडतीत नाव टाकू शकतो. नाव निघालं तर ज्या जागेवरून जगज्जेत्यांनी पहिला फटका मारला, तिथूनच तो मारतो. रविवारी एरवी खेळ बंद असतो आणि गावकरी त्याच गवतावर कुत्री फिरवतात.

आता 'कुणीही' या शब्दाला तिथेही कात्री आहेच. हंगामात एका फेरीचं शुल्क ३०० पौंडांच्या वर जातं आणि हँडिकॅपचा दाखला लागतो. तरीही तत्त्व म्हणून ते मैदान खुलं आहे, आणि ते खुलं राहावं म्हणून एक गाव पिढ्यान्‌पिढ्या भांडलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. मैदान आपोआप खुलं राहत नसतं.

आमच्या सातारा-सांगलीकडे असं काही आहे का, असा प्रश्न साहजिकच मनात आला. गोल्फचं बघाल तर उत्तर सोपं आहे. १८२९ साली गव्हर्नर माल्कमने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरचा डोंगर घेतला, बदल्यात खंडाळा दिलं. त्यानंतर तिथं साहेबाचं थंड हवेचं गाव वसलं, बंगले आले, १८८१ मध्ये क्लब आला. हिंदुस्थानभर साहेबाच्या क्लबांचं जे धोरण होतं ते सर्वांना माहीत आहे. देशी माणूस आत जायचा तो ताट घेऊन किंवा चेंडू उचलायला. स्वातंत्र्यानंतर साहेब गेला, पण गोल्फ बहुतांशी लष्कराच्या, जुन्या क्लबांच्या आणि मोठ्या गृहसंकुलांच्या कुंपणातच राहिला. सिडकोने खारघरला उभं केलेलं सार्वजनिक गोल्फ मैदान हा अपवाद, आणि अपवाद म्हणूनच त्याचं नाव घ्यावं लागतं.

पण प्रश्न गवताचा न ठेवता मातीचा केला तर उत्तर बदलतं. जिथं मोठमोठे पैलवान लढले त्याच हौद्यात गावच्या शेतमजुराचं पोर उतरू शकतं, अशी जागा आमच्याकडे आहे. तिला आम्ही मैदान म्हणतो, आणि तिथं कुस्ती होते.

सातारा आणि सांगली हे मी एका दमात म्हणतो याला कारण आहे. १९४९ पर्यंत हा एकच जिल्हा होता. त्या साली संस्थानांचा मुलूख जोडून दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं गेलं. कुस्तीने ही फाळणी कधी मानलीच नाही. कराडचा पैलवान कुंडलला लढतो, शिराळ्याचा पुसेगावला जातो, आणि दोघांच्याही स्वप्नात कोल्हापूरचं खासबाग असतं. त्यामुळे जिल्ह्याची हद्द ओलांडून आधी खासबागेचं बोललं पाहिजे.

राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपला गेले. ते तिकडे असतानाच २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा निघाला. याच दौऱ्यात त्यांनी रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं आणि तसंच आपल्याकडे कुस्तीसाठी बांधायचं मनात घेतलं. १९०७ मध्ये काम सुरू झालं आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान तयार झालं. मधोमध गोल हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक. मध्ये खांब नाही, आड येणारं काही नाही. हजारोंच्या गर्दीत शेवटच्या ओळीत मांडी घालून बसलेल्या माणसालाही डाव दिसतो. आरक्षणाचा जाहीरनामा आणि हे मैदान एकाच माणसाच्या डोक्यातून, एकाच प्रवासाच्या आगेमागे निघाले, ही गोष्ट इतिहासकारांनी फारशी जोडून पाहिलेली नाही. मला ती जोडलेलीच दिसते. एका ठिकाणी सरकारी कचेरीचं दार उघडलं, दुसऱ्या ठिकाणी हौद्याचं.

खासबागेच्या उद्‌घाटनाची कुस्ती कुणाची होती? इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. इमामबक्ष म्हणजे जगज्जेत्या गामाचा धाकटा भाऊ. दोनच वर्षांपूर्वी, १९१० साली, हे दोघे भाऊ लंडनला गेले होते. गामाने झिबिस्कोला अडीच तासांहून अधिक वेळ खाली दाबून ठेवलं होतं, आठवड्याने ठरलेल्या फेरकुस्तीला झिबिस्को आलाच नाही. इमामबक्षने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला तिथंच लोळवलं होतं. असा मल्ल करवीरच्या छत्रपतींनी बांधलेल्या मैदानात पहिली सलामी देतो. त्याच महाराजांनी १९०६ साली मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी कोल्हापुरात बोर्डिंग काढलं होतं. आमच्या सभांतून बोर्डिंगचा उल्लेख नेहमी होतो, इमामबक्षच्या सलामीचा क्वचित. माझ्या मते दोन्हींचं वजन सारखं आहे. बोर्डिंगमध्ये मुसलमान मुलाला मदत मिळाली. मैदानात मुसलमान पैलवानाला कुणाच्या मदतीची गरज नव्हती, तो बरोबरीचा होता.

थोडं शब्दांकडे वळू, कारण कुस्तीचा इतिहास ताम्रपटांत कमी आणि शब्दांत जास्त सापडतो. 'मल्ल' आणि 'मल्लविद्या' हे संस्कृत शब्द. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात मल्लांचे प्रकार, त्यांचा आहार, त्यांचा सराव यांचं सविस्तर वर्णन आहे. दख्खनच्या मातीत ही विद्या आधीपासून होती, यात वाद नाही. पण मग 'पैलवान' फारसीतून आला. 'तालीम' अरबी, अर्थ शिक्षण. मदरशात मिळते ती तालीम आणि हौद्यात मिळते तीही तालीमच. 'उस्ताद'चा मराठी तोंडात 'वस्ताद' झाला. 'मैदान', 'खुराक', 'पेच', 'इनाम', 'सलामी' हे सगळे त्याच वाटेने आले. स्वतः 'कुस्ती' हा शब्द फारसी 'कुश्ती'. पारशी लोक कमरेला बांधतात त्या 'कुस्ती' नावाच्या दोऱ्याशी त्याचं नातं आहे असं भाषेचे अभ्यासक मानतात, म्हणजे कंबरपट्टा धरून लढायचा खेळ. आणि 'लंगोट', 'शड्डू', 'हलगी' हे आपल्या घरचे. लंगोट लावून, शड्डू ठोकून, हलगीच्या ठेक्यावर पैलवान वस्तादाला सलामी देतो, या एका वाक्यात किती मुलूख एकत्र येतात बघा. यातला कुठला शब्द परका म्हणून काढायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. काढून उरलेल्या शब्दांत कुस्ती खेळून दाखवावी.

इराणमध्ये तालमीला 'जोरखाना' म्हणतात. तिथेही खड्डा असतो, मुद्गलासारखे लाकडी 'मील' फिरवतात, ठेका धरणारा ढोलकीवाला असतो. तिथल्या पैलवानांचा आदर्श म्हणजे चौदाव्या शतकातला पहलवान महमूद, ज्याची कबर आजच्या उझबेकिस्तानात खीवा शहरात आहे. तो मल्ल होता, शायर होता आणि सूफीही. त्याच्याबद्दल दंतकथा अशी की समोरच्या पैलवानाच्या आईला दुवा मागताना ऐकून तो मुद्दाम हरला. खरं-खोटं अल्लाह जाणे. पण बळ आणि विनय एकाच देहात नांदावेत ही अपेक्षा आमच्याकडचे वस्तादही ठेवतात. नवं पोर आलं की पहिले काही दिवस त्याला डाव शिकवत नाहीत, हौदा खणायला आणि झाडायला लावतात.

धर्माचा प्रश्न इथं येतोच, तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. आमच्यातले काही लोक विचारतात की तालमीत मारुतीची तसबीर असते, पोराला तिथं पाठवावं का? मी त्यांना आधी रुकाना यांची हदीस सांगतो. मक्केतले नावाजलेले मल्ल रुकाना यांच्याशी पैगंबर साहेबांनी कुस्ती केली आणि त्यांना पाडलं, ही रिवायत अबू दाऊद आणि तिर्मिजी या दोन्ही संग्रहांत आहे. स्वतः इमाम तिर्मिजींनी तिची सनद भक्कम नसल्याचं नोंदवलं आहे, तेही मी सांगतो, कारण आपल्या सोयीची तेवढीच बाजू सांगणं हा इतिहास नाही. पण उम्मतने ही गोष्ट शतकानुशतकं आवडीने सांगितली, यावरून कुस्तीकडे मुसलमान कसं पाहत आले ते कळतं. दुसरं म्हणजे आमच्या भागातल्या तालमी फक्त व्यायामाच्या जागा कधीच नव्हत्या. कोल्हापुरात आणि आजूबाजूच्या अनेक गावांत मोहरमचे पंजे तालमीत बसतात. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावचे गगनचुंबी ताबूत सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. त्यांतले कित्येक हिंदू घराण्यांचे आहेत आणि ते उभारायला, उचलायला गावचा सगळा तरुण पैलवान गडी लागतो. ज्या खोलीत मारुतीची तसबीर तिथंच दहा दिवस पंजा, ही व्यवस्था कुणी परिषद भरवून ठरवली नव्हती. मुसलमान पोर हौद्यात उतरताना माती कपाळाला लावतं, मनात बिस्मिल्लाह म्हणतं आणि भिडतं. शेजारचा जय बजरंग म्हणतो आणि भिडतो. वस्ताद दोघांनाही एकाच शिवीने सुधारतो.

आता मैदान चालतं कसं ते सांगतो, कारण 'खुलं' या शब्दाचा अर्थ त्या पद्धतीत आहे. शहरातल्या वाचकांना खासबाग किंवा महाराष्ट्र केसरी माहीत असते, गावची यात्रा नसते. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा, कुंडलचं कुस्ती मैदान, आणि त्यांच्यापेक्षा लहान अशी शेकडो मैदानं, कुठे देवीच्या जत्रेला तर कुठे पिराच्या उरुसाला. आमच्या दक्षिण भागात तर देवाच्या जत्रेलाही सर्रास 'उरूस'च म्हणतात, त्यामुळे परगावच्या माणसाला देव कुठला आणि पीर कुठला ते चटकन कळत नाही. गाव वर्गणी काढतं. माती चाळून हौद्यात टाकतात. मोठ्या तालमींत तीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालतात, त्याने माती मऊ राहते आणि खरचटलेलं चिघळत नाही. दुपारी हलगी कडाडली की आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या. मग नारळावरच्या. मग पन्नास, शंभर, पाचशे, हजार असं इनाम वर चढत जातं आणि दिवेलागणीला शेवटच्या नंबरची कुस्ती होते, तिचे पैलवान महिनाभर आधी पोस्टरवर झळकलेले असतात.

वरच्या कुस्त्या आधी ठरतात, खालच्या जागेवर जोडतात. हीच या मैदानाची सोडत. पोरं लंगोट लावून हौद्याभोवती फिरतात. पंच एकाचा हात धरतो, त्याच्या तोलामोलाचा दुसरा बघतो, दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करतो, दंडाला हात लावतो. वजनकाटा नसतो, पंचाची नजर असते. जोड पटली की विचारतो, "कुठला रे तू? वस्ताद कोण?" गाव आणि वस्ताद, एवढीच ओळख भोंग्यावरून पुकारली जाते. पोर परगावचं असलं, अगदी परजिल्ह्यातलं असलं तरी हरकत नसते. उलट आपल्या मैदानाला लांबून पैलवान आले याची गावाला शेखी असते. प्रवेश फी नाही, दाखला नाही. मी स्वतः लहानपणी नारळाच्या पुढे कधी गेलो नाही. पण ज्या मातीत मी पाठीवर पडलो तिथंच संध्याकाळी नामांकित मल्ल एकमेकांना पोकळ घिस्सा मारायला बघत होते आणि त्यांच्या अंगाला लागलेली माती तीच होती, ही गोष्ट तेव्हाही कळत होती.

ही उतरंड खालून वर किती दूर नेते याचं उदाहरण म्हणजे खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे. जन्म १५ जानेवारी १९२६, वडील दादासाहेब स्वतः पैलवान. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले, पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. यात्रेच्या मैदानांत वाढलेला हा पोरगा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेला. मातीवर घडलेलं अंग, तिथं पहिल्यांदा गादीवर, तरीही सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे नव्हते. गावोगावी वर्गणी मागितली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीईशी दमछाक करणारी कुस्ती झाली. ती संपते न संपते तोच, नियमाने मिळायला हवी ती विश्रांती न देता, सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी लढायला बोलावलं गेलं. बाजू मांडायला भारतीय अधिकारी जागेवर नव्हता. इशीईला सुवर्ण, अझरबैजानच्या रशीदला रौप्य आणि गोळेश्वरच्या खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराड स्टेशनवरून गोळेश्वरला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सरकारने मात्र त्यांना जिवंतपणी पद्म पुरस्कार दिला नाही. पोलीस खात्यात नोकरी करून ते निवृत्त झाले आणि १९८४ साली रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर.

खाशाबांनंतर दहा वर्षांनी, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने, या दोघांनीही सुवर्ण आणलं. दोघेही हिंदकेसरी. एका जिल्ह्याचे दोन मल्ल एकाच स्पर्धेत. त्या काळातल्या जुन्या माणसांना बोलतं केलं की खासबागेत या दोघांशी झुंजलेल्या पंजाबी पैलवानांचीही नावं निघतात. सादिक पंजाबी, गोगा पंजाबी. फाळणीने पंजाब चिरला गेल्यावरही लाहोरकडचे पैलवान कोल्हापूरला येऊन महिनोन्‌महिने मुक्काम करायचे, इथल्या पोरांना डाव शिकवायचे. म्हातारे सादिकचं नाव घेताना आवाज खाली आणतात, जसा आपल्या वस्तादाचं नाव घेताना आणतात. पुढे दोन्ही देशांची दारं बंद झाली आणि ती ये-जा थांबली.

आणि आता आजचं. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभागात मोहोळचा सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची कुस्ती झाली. बाहेरच्या टांगेचे चार गुण महेंद्रला दिले गेले, ते द्यायला हवे होते की नव्हते यावर वाद पेटला. असे वाद कुस्तीत जुनेच आहेत, खासबागेत पंचांच्या निर्णयावरून दंगे झाल्याचे किस्सेही आहेत. पण यावेळी काहीतरी वेगळं घडलं. वाद गुणांचा होता, समाजमाध्यमांवर दोन दिवसांत तो नावाचा झाला. सिकंदर हमालाचा मुलगा, वडीलही पैलवानी केलेले, पोरगा गंगावेश तालमीत घडलेला. हे सगळं बाजूला पडून त्याचं आडनाव तेवढं उरलं, त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांकडूनही आणि विरोधात बोलणाऱ्यांकडूनही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला त्याने शिवराज राक्षेला चितपट करून गदा घेतली, तेव्हा बोलणाऱ्यांची तोंडं काही काळ बंद झाली. मला मात्र ती गदा बघून जेवढा आनंद झाला, तेवढंच हेही टोचलं, की आपल्या पोराला आडनावाची चर्चा थांबवायला गदाच जिंकून आणावी लागते. नारळावर हरणाऱ्या पोराचं काय?

कारण प्रश्न खालच्या मैदानाचा आहे. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री आमच्या सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत, समाजमाध्यमांवरच्या मजकुराचं निमित्त होऊन जमाव मशिदीवर चालून गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. पुसेगावची यात्रा याच तालुक्यात भरते. २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू द्यायची नाहीत असा ठराव केला. प्रशासनाने त्याला स्थगिती दिली, पण ठराव झाला तो झाला. यात्रेत बांगड्यांचं, खेळण्यांचं, खाजा-रेवड्यांचं दुकान कुणी लावायचं हे एकदा आडनावावर ठरू लागलं, तर हौद्यात कुणी उतरायचं हे किती दिवस लांब राहील? वस्ताद मंडळींना मी हे थेट विचारलं आहे. बहुतेक जण हसून उडवतात, "पैलवानाला जात नसती." एकाने मात्र विचार करून सांगितलं की त्याच्या तालमीत मुसलमान पोरं पूर्वी सात-आठ असायची, आता दोन आहेत, आणि कुणी त्यांना येऊ नका म्हटलेलं नाही. पोरं आपणहून यायची थांबली.

हे आपणहून थांबणं मला सगळ्यांत जास्त खुपतं. सेंट अँड्र्यूजच्या लोकांनी सशांविरुद्ध कोर्ट गाठलं कारण हक्क लिहिलेला होता, १५५२ ची सनद हातात होती. आमच्या मैदानाची सनद कुठेच लिहिलेली नाही. ती पंचाच्या त्या एका प्रश्नात आहे, कुठला रे तू, वस्ताद कोण. कागद नसलेला हक्क वापरात असेतोच हक्क असतो. म्हणून जे आईबाप म्हणतात की वातावरण ठीक नाही, यंदा यात्रेला नको, त्यांची भीती समजत असूनही मी त्यांच्याशी वाद घालतो. वाद नेहमी जिंकतो असं नाही. पोराची काळजी ज्याची त्यालाच असते.

मैदान आपलं दार अजून रुंद करू शकतं, हेही याच काळात दिसलं. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली ती सांगलीत, आणि ती जिंकली सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मुलगी हौद्याच्या कडेला उभी राहिली तरी म्हातारे नाक मुरडायचे. आता तालुक्याच्या मैदानांत मुलींच्या दोन-चार कुस्त्या जोडल्या जातात आणि तेच म्हातारे इनामाचे पैसे पुकारतात. आमच्या समाजातल्या मुली त्यांत जवळपास नाहीत. त्याचं खापर मात्र मी गावावर फोडणार नाही, ते आमच्याच घरांचं काम आहे.

खर्चाचंही एकदा बोललं पाहिजे. चांगल्या पैलवानाचा खुराक, म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण, अंडी, हा महिन्याला एखाद्या शेतमजुराच्या कमाईच्या वर जातो. पूर्वी तो संस्थानिक द्यायचे, मग साखर कारखान्यांनी मानधनावर मल्ल ठेवले. आता दोन्ही आटत चाललं आहे. गरिबाचं पोर, मग ते शेखाचं असो, मुलाण्याचं असो, धनगराचं असो की मराठ्याचं, सोळाव्या-सतराव्या वर्षी तालीम सोडून सेंटरिंगच्या कामाला किंवा डिलिव्हरीच्या गाडीवर जातं. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या कोल्हापूरच्या तालमींत अजून सातारा-सांगलीची पोरं खोलीत चार-चार राहून स्वतः स्टोव्हवर शिजवून खातात आणि पहाटे चारला जोर मारायला उठतात. रमजानात रोजा ठेवणारं एखादं पोर असेल तर सहरीसाठी त्याला वेगळं उठवावं लागत नाही, सगळी तालीम तेव्हा जागीच असते. त्या महिन्यात त्याचा सराव वस्ताद मगरिबनंतर घेतात, आणि त्याच्याशी लढत करायला जोडीदार म्हणून जो थांबतो त्यालाही रात्रीचं जेवण उशिरा मिळतं.